आयपीसीसीकडे स्वतःचा एकही तापमापक नाही

ताई, तुमच्या आठवीच्या मुलांचा प्रश्न वाचला. जगाचा हवामान अहवाल आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं आंतरसरकारी मंडळ, बनवते, उपग्रह वरून सगळं बघतात, मग कुलाब्याला नि सांताक्रूझला रोज कुणीतरी काचेच्या मोजपात्रात पाऊस मोजतं, त्याचा जगाला काय उपयोग? मी नोकरीभर हेच निरीक्षकाचं काम केलं, मुंबईत आणि बाहेरही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयपीसीसीकडे स्वतःचा एकही तापमापक नाही, हे मुलांना आधी सांगा. तिथले शास्त्रज्ञ आयपीसीसीसाठी नवं संशोधन करत नाहीत. प्रसिद्ध झालेले शोधनिबंध वाचून, पारखून, काय पक्कं आहे आणि काय अजून पक्कं नाही ते सांगतात. २०२१ च्या अहवालात पहिल्या कार्यगटाच्या, म्हणजे हवामानबदलाचं भौतिक विज्ञान बघणाऱ्या गटाच्या, २३४ लेखकांनी १४,००० हून अधिक संदर्भ तपासले. त्या निबंधांच्या मुळाशी गेलात तर हजारो ठिकाणच्या नोंदवह्या सापडतात.

नोंद कशी होते ते सांगतो. सकाळी साडेआठची वेळ. पांढरी लाकडी झडपांची पेटी, आत तापमापक, दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन थेट आत येत नाही. दार उघडल्यावर आधी अंशाचा दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. कारण आपल्या अंगाच्या उबेने आणि श्वासाने पारा हलायला लागतो, आणि पहिला हलतो तो दशांशच. मला पहिल्या आठवड्यात वरिष्ठांनी हे चार वेळा करून दाखवलं होतं. आपल्याकडे साडेआठ होतात त्याच क्षणी नैरोबीत सहा वाजलेले असतात आणि तिथलाही निरीक्षक आपलं यंत्र वाचत असतो. सगळीकडे एकच घटका, एकच पद्धत, एकाच सांकेतिक भाषेत संदेश. महिन्याअखेर त्याचा गोषवारा जातो आणि जगभरचे संशोधक त्यातून तापमानाच्या मालिका बांधतात. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी १८५०-१९०० च्या तुलनेत १.०९ अंशांनी तापली, हा आकडा अशा मालिकांतूनच आला.

त्यातलं ‘१८५०-१९००’ नीट बघा. तेव्हा उपग्रह कुठले? समुद्राची पातळी उपग्रहाने सलग मोजायला लागून आता कुठे तीस वर्षं झाली, १९९३ पासून. जागतिक समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर वाढली, असं अहवाल म्हणतो. त्यातला जुना काळ बंदरांवरच्या भरतीमापकांवर उभा आहे. आपल्या अपोलो बंदरची नोंद १८७८ पासूनची आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, आणि तिथे हवामानाच्या नोंदी १८४१ पासून होतायत. एवढ्या जुन्या मालिका जगात मोजक्याच आहेत, आणि त्यातली एक आपल्या लोकलच्या अंतरावर आहे.

पण मालिका नुसती जुनी असून भागत नाही. यंत्र बदललं, जागा बदलली, शेजारी इमारत उठली की आकडा बदलतो, आणि तो बदल हवेचा की जागेचा हे ओळखता आलं पाहिजे. एका केंद्रावर (नाव लिहीत नाही) वाहनं लावायला जागा हवी म्हणून पेटी भिंतीजवळ सरकवली गेली. पुढे कितीतरी वर्षांनी एक संशोधक आले. रात्रीचं किमान तापमान एका वर्षात अचानक चढलेलं त्यांना दिसत होतं. आम्ही दोघांनी दोन दिवस नोंदवह्या चाळल्या. पेटी कधी हलवली, एका ओळीतही नव्हतं. शेजारच्या केंद्रांशी ताडून थोडीफार दुरुस्ती होते, पण त्या मालिकेवरचा भरवसा गेला तो गेलाच. मला ती गोष्ट आजही लागते.

याच्या उलट उदाहरणही मुंबईचंच आहे. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मापनं होत. विजेच्या ट्राम येणार, त्याने ती बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली. तेव्हा नानाभाई मूस प्रमुख होते. त्यांनी कुलाब्याची चुंबकीय मापनं लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मापनं चालू ठेवली, म्हणून दोन्ही मालिका जोडता आल्या. जागतिक हवामान निरीक्षण प्रणाली, म्हणजे जीकॉस, १९९२ मध्ये स्थापन झाली. तिच्या तत्त्वांत नेमकं हेच आहे: जुनं आणि नवं यंत्र काही काळ बरोबर चालवा, आणि केंद्राचा इतिहास लिहून ठेवा.

आता, एवढी केंद्रं कशाला? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. शहर एकच. फक्त कुलाब्याचाच पर्जन्यमापक असता तर मुंबईच्या इतिहासात तो दिवस पावसाळ्यातला एक साधा दिवस म्हणून नोंदला गेला असता. २०२१ च्या अहवालातला अतिवृष्टीचा नकाशा मुलांना दाखवा. जगाचे ४५ प्रदेश पाडलेत, त्यातल्या १८ प्रदेशांत काय बदललं ते सांगताच आलेलं नाही, कारण नोंदी किंवा अभ्यास अपुरे. आफ्रिकेचा बराचसा भाग त्यात आहे. तिथे पाऊस बदलला नाही असा त्याचा अर्थ होत नाही. दक्षिण आशियात अतिवृष्टी वाढल्याचं म्हणता येतं, कारण १९०१ पासूनच्या पावसाच्या नोंदी हाताशी आहेत.

उपग्रह हवेतच, समुद्रावर तर फारच. शिवाय आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे समुद्रात जवळपास ४,००० तरंगते मापक आहेत. दर दहा दिवसांनी ते २,००० मीटर खोलीपासून वर येत पाणी मोजतात. पण उपग्रहाचं वाचन बरोबर आहे का, हे ताडायलाही जमिनीवरचं आणि पाण्यातलं मोजमाप लागतं.

शाळेत करायचं असेल तर गच्चीवर, भिंतीपासून लांब, एक साधा पर्जन्यमापक ठेवा आणि रोज साडेआठलाच वाचा, सुट्टीतसुद्धा. पाऊस नसेल तर ० लिहायचं. वाचायचं राहून गेलं तर रेघ मारायची, ० नाही. आणि मापक हलवलात तर त्याच दिवशी, त्याच पानावर, तारखेसह लिहा.