वाचकांचे प्रश्न : पट्टा, पत्रा आणि ‘व्होल्वो’

मोटारींच्या सुरक्षिततेविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन मागील अंकात केले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकाच स्वीडिश कंपनीचे नाव असल्यामुळे या वेळचे सदर त्याच कंपनीसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : आमच्याकडे ‘व्होल्वोने आलो’ म्हटले की रात्री पुण्याहून निघून सकाळी जळगावला पोहोचवणारी वातानुकूलित बस, एवढाच अर्थ होतो. पुतण्याने परवा त्याच नावाची कार दाखवली. बस आणि कार एकाच कंपनीच्या आहेत काय? (एक वाचक, जळगाव)

घर एकच होते, परंतु वाटणी होऊन आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. भाऊ वेगळे निघाले तरी आडनाव दोघांकडेही राहते, तसेच येथे घडले आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात असार गॅब्रिएलसन हे विक्री व्यवस्थापक आणि गुस्ताफ लार्सन हे अभियंते या दोघांनी मिळून ही कंपनी उभारली. बॉल बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ या कंपनीचा त्यांना आधार होता. ‘व्होल्वो’ हे नावही मुळात तिनेच बेअरिंगसाठी नोंदवून ठेवलेले होते, आणि लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी फिरतो’ किंवा ‘मी लोळत जातो’ असा होतो. १४ एप्रिल १९२७ रोजी पहिली कार कारखान्याबाहेर आली. मागील आसाची जोडणी उलटी झाल्यामुळे पुढचा गिअर टाकताच ती मागे गेली, अशी आठवण सांगितली जाते. पुढे त्याच कंपनीने ट्रक आणि बसही बनवल्या.

१९९९ मध्ये कारचा व्यवसाय अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने विकत घेतला, आणि २०१० मध्ये तो फोर्डकडून चीनच्या जीली समूहाकडे गेला. ट्रक आणि बस मात्र जुन्या स्वीडिश कंपनीकडेच राहिल्या. भारतात बंगळूरजवळच्या होसकोटे येथे १९९८ पासून तिचे ट्रक तयार होऊ लागले, आणि २००१ मध्ये तिच्या बस रस्त्यावर आल्या. इंजिन मागे, सामान खाली आणि हवेच्या स्प्रिंगवर तोललेली ती बस लोकांना इतकी आवडली की आज कोणत्याही कंपनीच्या उंच एसी बसला आपण बिनदिक्कत ‘व्होल्वो’ म्हणतो. कार आपल्या देशात २००७ मध्ये, म्हणजे बसच्या बऱ्याच नंतर आली.

प्रश्न : तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट याच कंपनीने शोधला आणि त्याचे पेटंट सर्वांना खुले केले, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. ते खरे आहे काय? आधीच्या पट्ट्यात काय उणीव होती? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

आपण विद्यार्थ्यांना सांगितले ते खरे आहे, आणि त्यामागची हकीकतही सांगण्यासारखी आहे. पट्टे पूर्वीही होते. काही फक्त कमरेभोवती, विमानातल्यासारखे बांधले जात. त्यांत धड पुढे दुमडून डोके सुकाणूवर आदळे. काही छातीवरून तिरके जात, त्यांतून शरीर खालून निसटे. कित्येकांचे बक्कल नेमके पोटावर येई आणि धडकेत पोटातील नाजूक अवयवांनाच इजा करी.

कंपनीचे तत्कालीन प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांचे एक नातेवाईक मोटार अपघातात गेले होते. १९५८ मध्ये त्यांनी निल्स बोलीन या अभियंत्याला सुरक्षिततेच्या कामासाठी नेमले. बोलीन त्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर, म्हणजे वैमानिकाला सीटसह बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेवर काम करीत होते. प्रचंड धक्क्यात माणसाचे शरीर कुठे धरले तर तगते आणि कुठे धरले तर मोडते, हे त्यांना तेथे कळले होते. धक्का बरगड्या आणि कटीची हाडे यांवर यावा, पोटावर येऊ नये; पट्ट्याची खालची टोके सीटच्या बाजूला खाली असावीत; आणि तो एका हाताने लावता यावा, एवढ्याच गोष्टी त्यांनी साधल्या. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, असे मला वाटते. वैमानिक मुकाट्याने चार पट्टे बांधून घेतो. बाजारात निघालेला माणूस ते करीत नाही, हे बोलीन यांनी ओळखले होते.

ऑगस्ट १९५९ मध्ये असा पट्टा मूळ बांधणीतच असलेली पहिली कार विक्रीसाठी गेली. पेटंट कंपनीचेच होते, तरीही इतर उत्पादकांना ती रचना वापरण्याची मुभा देण्यात आली. १९६७ मध्ये बोलीन यांनी स्वीडनमधील २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. त्यात पट्टा न लावलेली माणसे अगदी कमी वेगातही दगावलेली आढळली, तर पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९६ किलोमीटरच्या आतील वेगात एकही मृत्यू आढळला नाही. बोलीन यांचे निधन २००२ मध्ये झाले.

म्हणजे आपल्या घरासमोर उभी असलेली चार-पाच लाखांची गाडीही या कंपनीच्या सर्वांत मोलाच्या शोधासह आलेली असते, आणि आपण त्याच शोधावर अंग टाकून बसतो. पारोळा सोडले की पट्टा काढणारे आणि पोलिसांची गाडी दिसताच नुसता हातात धरून बसणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत. गाडीने टुंटुं आवाज करू नये म्हणून बक्कलमध्ये खोटी क्लिप खोचणारेही आहेत. अशा क्लिप ऑनलाइन विकणाऱ्या पाच संकेतस्थळांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये त्या काढून टाकण्याचा आदेश दिला होता.

प्रश्न : जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, आताचा बोटाने दाबला तरी दबतो. या कंपनीच्या गाड्या जाड पत्र्यामुळेच सुरक्षित मानल्या जातात काय? (शेतकरी, चोपडा)

नाही. आपल्याच व्यवसायातील उदाहरण घेऊ. केळीचे घड ट्रकमध्ये भरताना आपण खाली व मध्ये पाल्याचे थर घालतो. वाटेत धक्के बसले की पाला चेमटतो आणि घड शाबूत राहतो. पाल्याऐवजी फळ्या घातल्या तर फळ्या टिकतील, परंतु माल काळा पडेल. मोटारीचे नाक आणि शेपटी हा पाला आहे. त्यांनी चुरगळून धडकेची ताकद खाऊन टाकायची असते, आणि माणसे बसतात तो मधला पिंजरा मात्र तसूभरही वाकता कामा नये. ही कल्पना व्होल्वोची नव्हे, तर मर्सिडीजमधील बेला बारेनी या अभियंत्याची आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. नावाजलेल्या कंपनीच्या पदरात सगळेच शोध टाकण्याची आपली सवय बरी नव्हे.

व्होल्वोने मोठे काम केले ते दोन बाजूंनी येणाऱ्या आणि मागून बसणाऱ्या धडकांच्या बाबतीत. समोरून चुरगळायला हातभर जागा असते, दारातून मात्र वीतभरही नसते. म्हणून १९९१ मध्ये आलेल्या ८५० या गाडीत दाराकडून येणारा जोर जमिनीत, छतात आणि पलीकडच्या बाजूला वाटून देणारी बांधणी केली गेली, आणि १९९४ मध्ये सीटच्या कडेला एअरबॅग आली. १९९८ मध्ये मागून धडक बसताच पाठीसह मागे सरकणारी आणि मानेला हिसका बसू न देणारी सीट आणली गेली. गोथेनबर्ग परिसरातील अपघातस्थळी जाऊन मोडलेल्या गाड्या तपासणारे कंपनीचे पथक १९७० पासून काम करते, आणि या सुधारणांचे मूळ त्या भंगारात आहे.

जाड पत्र्याचा समज कंपनीच्या जाहिरातींनीही पोसला. १९९० मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये एका जाहिरातीत राक्षसी चाकांचा ट्रक रांगेतील गाड्यांवरून जातो, बाकीच्या चपट्या होतात आणि व्होल्वोची तेवढी ताठ उभी राहते, असे दाखवले होते. ती गाडी आतून लोखंड आणि लाकूड लावून भक्कम केलेली होती, आणि इतर गाड्यांचे छत पेलणारे खांब कापलेले होते. हे उघडकीस आल्यावर जाहिरात मागे घ्यावी लागली आणि दंडही भरावा लागला. ज्यांचा माल खरोखर चांगला होता, त्यांनाही ही बनवाबनवी करावीशी वाटली, याचे आश्चर्य वाटते. पत्रा बोटाने दाबून पाहण्यापेक्षा धडक चाचणीत गाडीला सुरक्षिततेचे किती तारे मिळाले, ते पाहावे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली आहे.

प्रश्न : माहेरी जाताना चौदा महिन्यांच्या मुलाला मी पुढच्या सीटवर मांडीवर घट्ट धरून बसते. बाळासाठी वेगळी खुर्ची घ्यावी असे पती म्हणतात, आणि सासूबाईंना तो वायफळ खर्च वाटतो. (गृहिणी, शहादा)

ताई, आपले हात कितीही घट्ट असले तरी हिशेब त्यांच्या विरुद्ध जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे बाळ त्या क्षणी सुमारे १४० किलो वजनाएवढ्या जोराने पुढे ओढले जाते. धान्याची मोठी दोन पोती हाताने अडवणे कोणाला तरी शक्य आहे काय? शिवाय पुढची एअरबॅग फुटली तर ती प्रथम बाळालाच लागेल.

याही प्रश्नाचे उत्तर स्वीडनमध्येच सापडले. चाल्मर्स तंत्रविद्यापीठातील बर्टिल आल्डमन या वैद्यकीय प्राध्यापकांनी अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपून प्रचंड जोर सहन करतात हे पाहिले, आणि बाळाची खुर्ची उलटी, म्हणजे गाडीच्या मागील बाजूकडे तोंड करून बसवावी, असे सुचवले. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत तिची पहिली चाचणी झाली. कारण साधे आहे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान कोवळी असते. तोंड पुढे असेल तर धडकेत सारा ताण मानेवर येतो. पाठ पुढे असेल तर तो जोर डोके, पाठ आणि खांदे यांवर सारखा पसरतो. म्हणून अशी खुर्ची मागच्या सीटवर, उलट्या तोंडाने बसवावी, आणि ती शक्य तितकी वर्षे तशीच ठेवावी. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, ती कधीही ठेवू नये.

सासूबाईंना एवढेच सांगावे की २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बाल-आसन न लावता नेल्यास एक हजार रुपये दंड होतो. दंड ऐकला की घरातील मतभेद बहुधा लवकर मिटतात.

प्रश्न : या कंपनीने गाड्यांचा वेग बांधून टाकला आहे, हे खरे काय? (विद्यार्थी, भुसावळ)

होय. २०२० पासून तिच्या नव्या गाड्या ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. आपल्या महामार्गांवर त्याचा कोणालाही अडथळा होणार नाही.

प्रश्न : आठ-नऊ वर्षे वापरलेली एक्ससी ६० ही गाडी नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळत आहे. मालकांचे अनुभव काय आहेत? घ्यावी काय? (कापूस व्यापारी, धुळे)

माझ्या परिचयाचे दोन मालक आहेत, एक डॉक्टर आणि एक जिनिंगवाले. दोघेही सर्वांत आधी सीटची स्तुती करतात. सहा-सात तास चालवून पुण्याहून परतल्यावरही कंबर धरत नाही, असे डॉक्टर सांगतात, आणि कन्नड घाटात वळणावर गाडी जमीन सोडत नाही, असे जिनिंगवाल्यांचे म्हणणे आहे. स्वतःहून ब्रेक मारणाऱ्या यंत्रणेची त्यांनी पहिले काही दिवस धास्तीच घेतली होती. धरणगाव रस्त्यावर अचानक आडवी आलेली मोटारसायकल गाडीनेच चुकवली, तेव्हापासून ते त्या यंत्रणेविषयी आदराने बोलतात. कंपनीची ही यंत्रणा २००८ मध्ये याच एक्ससी ६० मध्ये प्रथम आली. सुरुवातीला ती कमी वेगातच, ताशी ३० किलोमीटरच्या आत काम करीत असे, हे ध्यानात ठेवावे.

दोघांची खंतही सारखीच आहे. अशा परदेशी गाडीचा एखादा भाग लागला की तो मागवावा लागतो, आणि अधिकृत कार्यशाळेसाठी जिल्ह्याबाहेरची वाट धरावी लागते. पेठेतला ओळखीचा फिटर कितीही हुशार असला, तरी त्याच्याकडे तिचे निदान करणारे संगणकीय यंत्र नसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. तेव्हा कूलंट, रबरी नळ्या आणि एसी यांची तपासणी भर दुपारी, गाडी तासभर चालवून करावी.

घेण्यापूर्वी मात्र किमतीपेक्षा सुरक्षिततेची साधने आधी पाहावीत, कारण गाडीची ख्याती तिच्या नावात नसून त्या साधनांत आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो की नाही, ते पाहा. तो मुळीच लागत नसेल तर दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता आहे. एकदा फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसते झाकण बसवून गाड्या विकल्या जातात, म्हणून विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागून घ्या. समोरची काच बदललेली असेल तर तिच्यामागील सेन्सर पुन्हा नीट बसवला आहे काय, याची पावती पाहा. आणि पाचही पट्टे एकेक करून जोरात झटका देऊन ओढा. झटक्यासरशी पट्टा अडकला पाहिजे. सैलपणे सुटत राहिला, तर नव्या पट्ट्याची किंमत विचारून ती ठरलेल्या रकमेतून वजा करून मागा.