छिन राजवंश वाचायचा तर कारकुनाच्या थडग्यापासून

चि. अभ्यासकास,
अनेक आशीर्वाद.

चीन पहिल्यांदा एका छत्राखाली आणणाऱ्या छिन राजवंशावरचा तुझा मसुदा वाचला. मातीचे सैनिक, मोठी भिंत, जाळलेले ग्रंथ, आणि शेवटी ‘असा क्रूर कारभार पंधरा वर्षांत कोसळला’. सनावळी बरोबर आहे. इ.स.पू. 221 ला एकीकरण, 210 ला पहिल्या सम्राटाचा मृत्यू, 206 ला सगळं संपलं. पण यातलं जवळजवळ सगळं एकाच माणसाच्या तोंडून आलेलं आहे. इतिहासकार सिमा छ्येनने ‘शिजी’ हा इतिहासग्रंथ लिहिला तो छिन बुडाल्यावर शंभरएक वर्षांनी, आणि छिनच्या जागी आलेल्या हान घराण्याच्या दरबारात बसून. पेशवाईवर लिहिताना तू नुसत्या बखरीवर विसंबणार नाहीस, दफ्तर उघडशील. छिनचंही दफ्तर आहे. फक्त ते जमिनीखालून निघालं.

आधी नाव सुधार. मसुद्यात एकदा ‘किन’, एकदा ‘क्विन’ आणि दोनदा ‘चिन’ आहे. रोमन लिपीतल्या चिनी नावांत ‘क्यू’ दिसला की तो ‘छ’ वाचायचा. ‘छिन’ लिही आणि तेच शेवटपर्यंत ठेव.

आता दफ्तर. डिसेंबर 1975 मध्ये हूबेई प्रांतात, युनमंगजवळच्या श्वेइहूदी इथे 11 क्रमांकाचं थडगं उघडलं. आत ना राजा, ना सेनापती. शी नावाचा एक तालुका पातळीचा कारकून होता, जन्म इ.स.पू. 262, मृत्यू 217 च्या सुमारास. त्याच्या सांगाड्याभोवती बांबूच्या 1,150 हून जास्त पट्ट्या रचल्या होत्या. एकेक पट्टी साधारण 23 ते 27 सेंटिमीटर लांब आणि बोटापेक्षाही अरुंद, तिच्यावर शाईने एक उभी ओळ. कायद्याची कलमं, चौकशी कशी करावी याच्या सूचना, शुभाशुभ दिवसांची पंचांगं, असा सगळा त्याचा कामाचा ऐवज. पट्ट्या ओवलेल्या दोऱ्या कधीच कुजल्या, त्यामुळे छापील आवृत्तीत कलमांचा जो क्रम दिसतो तो संपादकांनी लावलेला आहे. दोन कलमं शेजारी आली म्हणून त्यांचा संबंध जोडू नकोस.

मसुद्यातला सर्वांत ठळक प्रसंग घेऊ. इ.स.पू. 209, दाझशियांग. सीमेवर पहाऱ्याला निघालेले 900 लोक पावसात अडकतात, वेळेवर पोचणं अशक्य होतं, उशिराला शिक्षा मृत्यूची, म्हणून त्यांच्यातला छन शंग म्हणतो की मरायचंच तर बंड करून मरू. तू हे ‘छिन कायद्याचं उदाहरण’ म्हणून दिलं आहेस. आता शीच्या पट्ट्यांतलं वेठीचं कलम बघ. तीन ते पाच दिवस उशीर झाला तर समज. सहा ते दहा दिवस, तर एक ढाल दंड. दहापेक्षा जास्त, तर एक चिलखत दंड. आणि पावसापाण्याने अडलं तर ती वेठच रद्द. देहदंडाचं नावही नाही.

इथे बहुतेक नवे लेखक उडी मारतात आणि ‘सिमा छ्येन खोटारडा’ असा मथळा देतात. तू देऊ नकोस. ते कलम वेठीचं आहे, म्हणजे बांधबंदिस्ती आणि भिंती-रस्त्यांच्या कामाचं. दाझशियांगची माणसं चालली होती सरहद्दीच्या लष्करी पहाऱ्यावर, आणि लष्करी उशिराचा हिशेब वेगळा असू शकतो. शिवाय कलमातला दंड मजुरांनी भरायचा की त्यांना घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिसरी गोष्ट, शी 217 च्या सुमारास गेला आणि बंड 209 चं. मधल्या आठ वर्षांत कायदा होता तसाच राहिला असं गृहीत धरता येत नाही. म्हणून वाक्य असं कर: ‘वेठीच्या ज्ञात कलमात उशिराला देहदंड नाही, पहाऱ्याच्या बाबतीत शिजीचा दाखला त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.’ वाक्य लांबलं, चालेल.

पण ‘फक्त दंड’ असंही लिहू नकोस. युएलू नावाच्या छिनकालीन पट्ट्यांच्या दुसऱ्या संग्रहात चिलखताच्या दंडाची किंमत 1,344 नाणी येते, ढालीची 384. श्वेइहूदीच्या कलमानुसार दंड अंगमेहनतीने फेडणाऱ्याच्या खात्यावर दिवसाला 8 नाणी पडत, सरकारी जेवण घेतलं तर 6. भागाकार कर. चिलखत म्हणजे 168 दिवस, जेवणासह 224. ढाल म्हणजे 48 किंवा 64. वर्षातले सात महिने शेताबाहेर काढायचे म्हणजे काय, हे कुणब्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. मात्र हा आकडा देताना एक नोंद जोड: युएलूच्या पट्ट्या उत्खननातल्या नाहीत. 2007 मध्ये हूनान विद्यापीठाच्या युएलू अकादमीने त्या हाँगकाँगच्या बाजारातून मिळवल्या. कुठल्या थडग्यातून चोरल्या गेल्या, शेजारी काय होतं, ते गेलं ते गेलंच. उत्खननातला पुरावा आणि बाजारातला पुरावा एकाच ओळीत शिजवू नये.

मापांची गडबड तुझ्याकडूनही झाली आहे. ‘शर’ हे एकच अक्षर वजनालाही येतं आणि धान्याच्या मापालाही. वजनाचा शर म्हणजे 120 जिन, सुमारे 30 किलो. मापाचा शर म्हणजे 10 दौ, सुमारे 20 लिटर. सरकारी गुलाम पुरुषाला महिन्याला दोन शर धान्य आणि बाईला दीड, हे तू ‘60 किलो’ केलंस आणि मग आहार भरपूर होता असा निष्कर्ष काढलास. ते 40 लिटर आहे, आणि तेही सालासकट. कोठाराच्या कायद्यात राळ्याचं प्रमाण दिलेलं आहे: सालासकटचा 16 पूर्णांक 2/3 दौ कांडला की 10 दौ भरड दाणा. म्हणजे 20 दौचे 12 दौ उरतात, 24 लिटर. दिवसाला सुमारे 800 मिलिलिटर, भाजीपाला आणि मांस धरलेलंच नाही. काम नसेल त्या काळात शिधाही नाही. आणि कांडायचं कुणी? स्त्रियांच्या सक्तमजुरीच्या एका शिक्षेचं नावच ‘कांडप’ आहे.

माप एकसारखं करण्याची घोषणा आणि माप एकसारखं ठेवण्याची यंत्रणा, हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यासाठी शांघाय संग्रहालयातलं छिनचा मंत्री शांग यांग याचं कांस्य माप बघ. इ.स.पू. 344 मधलं, एक शंग (दौचा दहावा भाग) म्हणजे सुमारे 202 मिलिलिटर. त्याच भांड्यावर 221 चं सम्राटाचं 40 अक्षरांचं फर्मान नंतर कोरलं आहे. एकशे तेवीस वर्षांपूर्वीचं छिनचंच माप साऱ्या साम्राज्याला लागू केलं, म्हणजे ‘नवीन पद्धत आणली’ हे तुझं वाक्य चुकतं. (आपल्याकडे अशोकाची आज्ञा सोपाऱ्याच्या दगडावर होती. इथे ती धान्य मोजायच्या भांड्यावरच आहे, रोज हातात येणारी.) यंत्रणेसाठी पुन्हा शीच्या पट्ट्या. शराच्या वजनात 16 ल्यांग, म्हणजे 120 जिनांत एक जिन चूक निघाली तर जबाबदार अधिकाऱ्याला एक चिलखत. 8 ते 16 ल्यांग असेल तर एक ढाल. शंभरात एकाहूनही कमी फरकासाठी साडेपाच महिन्यांच्या मजुरीएवढा दंड, आणि तो तराजू सांभाळणाऱ्या कचेरीच्या प्रमुखावर. जुलूम शोधायचा तर इथेही शोध. तो पुष्कळदा कारकुनांवरच होता.

तारखा. यात सर्वांत जास्त चुका होतात. राजवर्षाचं, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीतल्या वर्षाचं, इसवी सनपूर्व वर्ष काढायला 247 मधून राजवर्ष वजा कर: 26 वं वर्ष म्हणजे 221, 37 वं म्हणजे 210. पण छिनचं वर्ष दहाव्या महिन्यापासून सुरू होतं. क्रम असा: दहावा, अकरावा, बारावा, मग पहिला ते नववा. अधिकमास आला तर शेवटी ‘नंतरचा नववा’. म्हणून शिजीत सम्राट 37 व्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात दौऱ्यावर निघतो आणि त्याच वर्षाच्या सातव्या महिन्यात मरतो. तू ते ‘नकलनविसाची चूक’ ठरवून वर्ष बदललंस. चूक काहीच नाही. तो निघाला इ.स.पू. 211 च्या अखेरीस. कार्तिकात सुरू होणारं गुजराती विक्रम संवत डोळ्यांसमोर ठेव, म्हणजे गोंधळ होणार नाही. महिन्यांचे आकडे तेच राहतात, वर्षाची कूस फक्त मधे बदलते.

तारीख नसलेल्या पट्टीला शब्दावरून पकडायचं. 221 मध्ये प्रजेला ‘मिन’ऐवजी ‘छ्येनशोउ’, म्हणजे काळ्या डोक्यांचे, म्हणायचा हुकूम निघाला. सम्राटाचं नाव जंग, म्हणून ‘जंग’ असा उच्चार होणाऱ्या पहिल्या महिन्यालाही ‘त्वान’ म्हणू लागले. हूनानमध्ये लिये इथल्या विहिरीत 2002 मध्ये छ्येनलिंग तालुक्याच्या कचेरीचे 36 हजारांहून अधिक पट्ट्या-तुकडे सापडले. त्यांत तर जुना शब्द सोडून कुठला नवा वापरायचा याची यादी लिहिलेली फळीच आहे. मात्र हे अंदाजाचं साधन आहे. सवयीने जुना शब्द लिहिणारा कारकून तेव्हाही असणारच.

भिंतीचा परिच्छेद काढ. तू वर्णन केलेली विटांची भिंत खूप नंतरच्या मिंग घराण्याच्या काळातली. छिनची बहुतांशी चोपलेल्या मातीची आणि रचलेल्या दगडांची होती, जुन्या राज्यांच्या भिंती जोडत नेलेली. मातीच्या सैनिकांच्या तलवारींवरचा ‘गंज न चढणारा क्रोमियमचा मुलामा’ही काढ. 2019 च्या तपासणीत ते क्रोमियम शेजारच्या लाखेतून आल्याचं दिसलं.

सिमा छ्येनला मात्र पूर्ण बाजूला सारू नकोस. सम्राटाच्या 16 व्या राजवर्षी, म्हणजे इ.स.पू. 231 मध्ये, पुरुषांनी वय नोंदवावं असा हुकूम निघाल्याचं तो एका ओळीत सांगतो. शीच्या थडग्यात एक वर्षवारी आहे, 306 पासून 217 पर्यंत, लढाया आणि घरच्या घटना एकत्र. तिथे 16 व्या वर्षासमोर ‘स्वतःचं वय नोंदवलं’ असं आहे. दरबारातली ओळ आणि तालुक्यातली ओळ इतकी नेमकी जुळते.

हीच वर्षवारी घेऊन नवा मसुदा सुरू कर. एका रकान्यात शिजी, दुसऱ्यात शी, तिसऱ्यात लियेच्या तारखा, आणि प्रत्येक महिना वर सांगितलेल्या क्रमाने. 28 व्या वर्षासमोर शीने सम्राट आनलू या ठिकाणावरून गेल्याचं टिपलं आहे. 27 व्या वर्षासमोर घरात मूल जन्मल्याचं. 26 व्या वर्षासमोर, एकीकरणाच्या त्या वर्षासमोर, त्याने काहीच लिहिलेलं नाही. तिथे तूही काही भरू नकोस. तक्ता झाला की पाठव.

कळावे.