तगड्या संघाशी गाठ पडली तर

सर, रग्बीत आपली पोरं अंगानं किरकोळ आहेत म्हणून आधीच कच खाऊ नका. 19 वर्षांखालच्या सामन्यात स्क्रम (दोन्हीकडचे गडी एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटारेटी करतात ती) दीड मीटरपेक्षा पुढं रेटताच येत नाही. समोरच्यांचं वजन तिथं फारसं चालत नाही.

खरं काम टॅकलचं, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायचं. छातीला भिडलं की जड गडी पोराला फरफटत नेतो. खांदा मांडीवर, डोकं त्याच्या मागच्या अंगाला (पुढं गेलं की मान दुखावते), दोन्ही हातांची मिठी घट्ट, आणि पाय थांबवायचे नाहीत. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत शिकवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात दगड होते, तेव्हा सराव तालमीच्या तांबड्या मातीतच घ्या.

स्वतःच्या गोलरेषेपासून 22 मीटरवर आखलेल्या रेषेमागून चेंडू टप्पा न पडता थेट बाजूच्या रेषेबाहेर मारता येतो. पण तो आपणच त्या 22 मीटर रेषेमागं आणला असेल, किंवा किक रेषेपुढून असेल, तर मैदानात टप्पा पडायलाच हवा. नाहीतर लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकून खेळ पुन्हा सुरू होतो तो) किक मारली त्या जागेसमोरच.

आणि पेनल्टी (समोरच्यांनी नियम मोडल्यावर मिळणारी किक) गोलखांबांसमोर मिळाली तर चेंडू खांबांमधून मारून 3 गुण घ्याच. 2015 च्या विश्वचषकात जपाननं दक्षिण आफ्रिकेला 34-32 हरवलं, त्यातले 15 गुण पेनल्टीचे होते. रोज सराव संपल्यावर, पाय थकलेले असतानाच, किकरकडून 20 किक मारून घ्या.