१०० मीटरवर ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा झुबका) छान, ३०० मीटरवर गोळ्या विखुरतात. रायफलमध्ये दोष आहे का?

बहुधा नाही. १०० मीटरवरचा ३ सेंटिमीटरचा ग्रुप ३०० वर निव्वळ कोनामुळे ९ सेंटिमीटरचा होतोच. त्याहून बराच मोठा येत असेल तरच पुढे शोधा.

ग्रुप कोणत्या दिशेने पसरतोय ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं. आडवा असेल तर पहिला संशय वाऱ्यावर. उभा असेल तर मला आधी काडतुसांची शंका येते: प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा असला तरी जवळच्या अंतरावर ते कळत नाही, कारण गोळीला खाली यायला वेळच मिळत नाही. एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीची, काडतुसं वापरून बघा. (रायफलचा मागचा भाग, म्हणजे बट, दरवेळी खांद्यावर वेगळी टेकत असेल तरीही असंच दिसतं.)

चहूकडे पसरत असेल तर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. ती जिच्यावर बसते त्या माउंटचे स्क्रू तपासा. मग रायफल रिकामी करून टेकूवर पक्की ठेवा आणि फक्त डोकं किंचित हलवा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकताना दिसली तर हे सरकणं म्हणजेच पॅरलॅक्स, आणि तो त्या अंतराला जुळवलेला नाही.

आणि तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विसंबू नका, किमान दहा तरी झाडा, नळी तापू न देता.