लाभार्थी म्हणावं का हिताधिकारी? आणि अमानतीचं काय?

विचारणाऱ्याचा प्रश्न असाय: आजोबांनी घर आणि दोन गाळे फॅमिली ट्रस्टमधे टाकले, कागदात चुलत्याला विश्वस्त आणि आम्हा नातवंडांना लाभार्थी लिहिलंय. भाड्याचा हिशेब मागितला तर चुलते म्हणायलेत, लाभार्थ्यानं मिळंल ते घ्यायचं असतंय. विश्वस्त म्हणजे अमानत (विश्वासानं ठेवायला दिलेली दुसऱ्याची वस्तू) सांभाळणाराच ना, मग मालक कोण?

चुलत्याला दोष नंतर देऊ, आधी शब्दाला देतो. लाभार्थी म्हटलं की आपल्याकडं डोळ्यापुढं काय येतं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची घरकुलाची यादी, म्हणजे कुणीतरी देणारा आणि आपण आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन लाईनीत उभे. शब्दातच तसं आहे, अर्थी म्हणजे इच्छा धरून आलेला, मागणारा, विद्यार्थी शरणार्थी त्यातलेच. कायद्याच्या भाषेत दुसरा शब्द आहे हिताधिकारी, जरा जड आहे, बोलताना जीभ अडखळती, पण त्यात अधिकार आहे आणि खरी गोष्ट तीच आहे.

आता अमानत. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाकडं, कोर्टकचेरी उर्दूत, त्यामुळं जुन्या माणसांच्या तोंडात हा शब्द अजून आहे. मराठीत त्याचीच अक्षरं उलटीपालटी होऊन अनामत झालं, ते मात्र निवडणुकीत जप्त व्हायपुरतं उरलं बिचारं. आमच्या आजीकडं शेजारणीच्या पाटल्या असायच्या, फडक्यात गाठ मारून ज्वारीच्या कणगीत, आणि घरात लग्न असलं तरी तिनं त्या एकदा हातात घालून पाहिल्या नाहीत, अमानत हाय म्हणायची. पण तिथं पाटल्या शेजारणीच्याच राहत होत्या. ट्रस्टमधे तसं नसतं, तिथं मालमत्ता विश्वस्ताच्याच नावावर चढते, आणि 1882 चा भारतीय न्यास कायदा (न्यास म्हणजे ट्रस्टच) म्हणतो की त्या मालकीला एक बंधन चिकटलेलं असतं, दुसऱ्याच्या भल्यासाठी वापरायचं. म्हणजे कागदावर मालक चुलते, फळ तुमचं. वृत्ती अमानतीची, पण शब्दाचा अर्थ हुबेहूब तो नाही.

त्या बंधनात काय काय येतं? स्वतःची मालमत्ता शहाणा माणूस जशी सांभाळतो तशी सांभाळायची (कलम 15), चोख हिशेब ठेवायचा आणि हिताधिकाऱ्यानं मागितला की पूर्ण माहिती द्यायची (कलम 19), आणि ट्रस्टचा कागद, हिशेबाच्या वह्या, पावत्या बघायचा, नकला घ्यायचा हक्क तुम्हाला कलम 57 नं आहेच. कागदात लिहिलेलं नसंल तर मेहनताना पण घेता येत नाही, गाळा स्वतःच्या पोराला फुकटात देणं तर लांबच. मोडलं तर त्याला न्यासभंग म्हणायचं, आपल्या म्हाताऱ्यांच्या भाषेत अमानतीत खयानत. (आणि हो, धर्मादाय आयुक्ताकडं पळू नका, ते सार्वजनिक ट्रस्टसाठी. घरच्या ट्रस्टचं दिवाणी कोर्टात.)

कागदात लाभार्थी आहे तर राहू द्या, कायद्यानं फरक पडत नाही. पण चुलत्याला पत्र लिहाल तेव्हा 'हिशेब मिळावा ही नम्र विनंती' नका लिहू, 'कलम 19 प्रमाणे हिशेब द्यावा' असं लिहा. खाली 'आपला पुतण्या' लिहिलं तरी चालंल.