पहिली पद्मिनी घेताय? आधी पत्रा बघा, मग इंजिन

प्रीमियर पद्मिनी, ती जुन्या जमान्यातली मोटार, घ्यायचं मनात आलंय ना, मग जरूर घ्या! फक्त गुंतवणूक म्हणून नको. भाव वाढला तरी पार्किंग, विमा आणि दुरुस्ती त्यातला बराचसा वाटा खातात. जमेची बाजू म्हणजे घसारा (वयानुसार होणारी किमतीतली घट) बहुतेक होऊन गेलेला असतो, आणि 1089 सीसीचं साधं इंजिन कुठलाही जुना मेकॅनिक उघडतो. पुण्यात नाना पेठेत हिंडलात तर किरकोळ सुटे भागही मिळतात.

खरा पैसा जातो पत्र्यात. पुण्याचे चार पावसाळी महिने उघड्यावर काढलेल्या गाडीचे दारांखालचे उंबरठे, डिकीचा तळ आणि पायाखालचा पत्रा आतून सडतो. वर पुट्टी आणि चकचकीत रंग. म्हणून लोहचुंबक घेऊन जा. चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे. इंजिन स्वस्तात उभं राहतं, पण सडलेली बॉडी किमतीपेक्षा जास्त खर्च मागते. नवख्यांची सगळ्यात महाग चूक हीच.

पैसे देण्यापूर्वी:
- आरसीवरचा चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचा.
- नोंदणीची मुदत पाहा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण, शिवाय हरित कर. थकबाकी विकणाऱ्याला भरायला लावा.
- विम्यात गाडीची किंमत किती धरायची ते विमा कंपनीशी बोलून लेखी ठरवा.

गाडी आली की पेट्रोलचे रबरी पाइप लगेच बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं आणि गळतीतून आग लागू शकते. क्रोम, सीटा, रंग हे सगळं पुढच्या वर्षी. आधी ब्रेक.