स्वतःचे फोटो काढून मनातलं खरंच उलगडतं का? कॅमेऱ्यासमोर अवघडायला होत असेल तर सुरुवात कशी करावी?

थोडंफार उलगडतं, पण माझ्या अनुभवात ते फोटो काढताना कमी आणि नंतर निवडताना जास्त. बरेच जण 'आज उदास फोटो काढू' असं ठरवतात, खिडकीशी मान खाली घालून बसतात आणि उदास माणसाचा अभिनय करतात. त्यातून जे आधीच ठाऊक होतं तेच परत दिसतं.

मी फोन ट्रायपॉडवर लावते (पुस्तकांची थप्पीही चालते) आणि मागचा कॅमेरा वापरते. स्क्रीनवर स्वतःला पाहिलं की चेहरा आपोआप सावरला जातो, तेच टाळायचं असतं. अंतर दीडेक मीटर ठेवा. हातभर अंतरावरून नाक मोठं येतं आणि मग सगळं लक्ष तिथेच जातं. ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो निघतील असा इंटरव्हल टायमर लावा आणि बसून राहा. सुरुवातीचे फोटो पोझ देण्यात जातात, मग कंटाळा येतो. कामाचे फोटो त्या कंटाळ्यानंतरचे.

ते लगेच बघू नका, काही दिवस जाऊ द्या. बघताना 'किती वाईट दिसतेय मी' हे होणारच. आपल्याला सवय असते आरशातल्या, म्हणजे डावी-उजवी बाजू उलट असलेल्या चेहऱ्याची. १९७७ सालच्या एका प्रयोगात लोकांनी स्वतःची आरशासारखी प्रतिमा पसंत केली, तर त्यांच्या जवळच्या माणसांनी सरळ प्रतिमा. तेव्हा या नावडीतला काही भाग निव्वळ सवयीचा असतो.

आता खरं काम. जे फोटो बघताक्षणी डिलीट करावेसे वाटतात, ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते शोधा. माझ्या नावडत्या फोटोंमध्ये चेहरा हसरा होता, पण एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. असं मी कोणासमोर बसते, हे लिहायला घेतलं आणि पानं भरत गेली. फोटो फक्त बोट दाखवतो, पुढचं वहीतच होतं.

अभिनय वर्ज्य आहे असंही नाही, फक्त तो उघडपणे करावा. इपोलीत बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने फोटो काढायची स्वतःची पद्धत शोधली होती. तिला डावलून छायाचित्रणाच्या शोधाचा मान लुई दागेर या दुसऱ्या फ्रेंच माणसाला मिळाला, तेव्हा १८४० मध्ये बायारने स्वतःला बुडून मेलेला दाखवून फोटो काढला आणि मागे आपली तक्रार लिहिली! ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स हिला १९८२ मध्ये स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. पुढे रोझी मार्टिन या छायाचित्रकार बाईबरोबर 'फोटो थेरपी' करताना ती स्वतःच्या आईची वेशभूषा करून कॅमेऱ्यासमोर बसली. दोघी आळीपाळीने एकमेकींचे फोटो काढत. जखम ताजी असेल तर असं विश्वासाचं कोणीतरी, किंवा समुपदेशक, सोबत हवाच. एकटीने रेटू नये.

चेहरा नकोच वाटत असेल तर पाठ, हात किंवा सावली घ्या. किंवा शटर एक-दोन सेकंद उघडं ठेवून हला, म्हणजे चेहरा पुसट येतो. फ्रान्सेस्का वुडमन या अमेरिकन छायाचित्रकाराने स्वतःच्या काढलेल्या कितीतरी फोटोंत ती अशीच धूसर आहे.

आणि निदान सुरुवातीला हे फोटो कुठेही टाकू नका. कोणीतरी बघणार आहे हे डोक्यात असलं की मनगट आधीच सुटतं.